पोर अचानक आजारी पडलं की कॅज्युल्टीत नेमकं काय करतात? तुमचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

पाऊस लागला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. एप्रिल-मेमध्ये दात, वजन, शाळेचा डबा असले प्रश्न असतात, आणि जून उजाडला की ताप, जुलाब, फिट, पडणं, झडणं. यावेळच्या पत्रांत एक गोष्ट मला परत परत दिसली. पोराला काय झालं यापेक्षा डॉक्टरांनी असं का केलं, तसं का नाही केलं, हाच राग जास्त आहे. तो राग मला समजतो. कारण कॅज्युल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, आम्ही जे करतो त्यातलं निम्मं आधीच ठरलेलं असतं, कागदावर लिहिलेलं असतं, पण ते आईबापाला कुणी सांगतच नाही. त्याला आम्ही पाथवे म्हणतो. म्हणजे ठरवून ठेवलेली वाट: अमुक लक्षण दिसलं की पहिल्या मिनिटाला हे, पाचव्याला ते, इथे थांबा, इथून मोठ्या हॉस्पिटलात पाठवा. रात्री तीन वाजता डोकं चालेनासं झालं तरी हात चुकू नयेत म्हणून ती वाट आधीच आखून ठेवायची. आज ती तुमच्यासमोर उघडून ठेवते.

साखळीहून एक आई लिहितात: माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा. दुपारी ताप आला, संध्याकाळी अचानक डोळे वर, हातपाय ताठ, तोंडाला फेस. सासूबाईंनी कांदा हुंगवला, शेजारच्या काकींनी दातांत चमचा घातला, त्यात त्याचा ओठ फाटला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत फिट थांबली होती. तिथे बोटातून साखर तपासली, कान-घसा बघितला, तापाचं औषध दिलं, चार तास ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं. स्कॅन नाही, मेंदूचा आलेख (ईईजी) नाही, साधं सलाईनसुद्धा नाही. मिस्टर म्हणतात आपल्याला टाळलं. आणि मला सारखं वाटतं, तापाचं औषध अर्धा तास आधी दिलं असतं तर हे झालंच नसतं.

ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरू करते कारण तेच तुम्हाला झोपू देत नाहीये. अर्धा तास आधी औषध दिलं असतं तरी फिट आली असती. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही, यावर नीट अभ्यास झालेत, तापाचं औषध वेळेवर आणि पुरेसं देऊनसुद्धा तापातली फिट टळत नाही. पॅरासिटामॉल द्यायचं ते मुलाला बरं वाटावं म्हणून. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही.

आता डॉक्टरांनी काय केलं ते बघू. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात फिट येते. बहुतेकांची दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. सगळं अंग एकदम ताठ होऊन झटके आले, पंधरा मिनिटांच्या आत थांबले, चोवीस तासांत एकदाच झालं आणि नंतर मूल हळूहळू नेहमीसारखं झालं, तर आमच्या कागदावर ती साधी फिट. या वाटेवर पहिलं काम साखर बघणं, कारण साखर उतरल्यानेही फिट येते आणि ती भरून काढायला मिनिटं लागतात. तुमच्याकडे ते केलं. दुसरं काम ताप कशाचा ते शोधणं, म्हणून कान, घसा, छाती. मान ताठ आहे का, टाळू फुगलीय का, अंगावर पुरळ आहे का हेही त्यांनी बघितलं असणार, तुमच्या लक्षात आलं नसेल. मेंदूज्वराची शंका आली की वाट पूर्ण बदलते, मग पाठीतलं पाणी काढायचं, लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं, ॲडमिशन. बाळ वर्षाच्या आतलं असेल किंवा त्याच्या लसी राहिल्या असतील तर आम्ही ही शंका फार लवकर घेतो. तुमच्या मुलात तसं काही नव्हतं, म्हणून चार तास नजरेखाली ठेवून तो खेळायला लागलेला बघून घरी सोडलं. साध्या फिटला सीटी स्कॅन आणि ईईजी करायचं नाही असं त्या वाटेवर स्पष्ट लिहिलेलंच असतं, त्याने उपचारात काही फरक पडत नाही, वर सीटीचं रेडिएशन आणि झोपेचं औषध उगाच अंगावर. म्हणजे टाळलं नाही हो, नियमाने केलं. फक्त ते पाच मिनिटं बसून तुम्हाला समजावलं असतं तर तुम्हाला हे पत्र लिहावं लागलं नसतं, आणि तेवढी चूक मी आमच्या पदरात घेते.

आता घरची वाट, ही जास्त महत्त्वाची कारण ती पहिली काही मिनिटं तुमच्याच हातात असतात. मूल खाली जमिनीवर, कुशीवर. गळ्याजवळचं बटण सोडा. तोंडात काहीही नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, औषध नाही. जीभ गिळली जाते ही भीती खोटी आहे पण तुटलेला दात श्वासनळीत जाणं मी स्वतः बघितलंय. कांद्याने काही होत नाही, फक्त वेळ जातो. आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही पण लिहितेच, आपल्याकडे ताप-सर्दीला फेणी चोळायची पद्धत अजून कित्येक घरांत आहे, लहान मुलाच्या अंगाला ती अजिबात चोळू नका, कातडीतून आणि वासातून दारू अंगात जाते आणि साखर खाली येते, म्हणजे फिट आलेल्या मुलाला दुसऱ्या फिटीकडे ढकलल्यासारखं होतं.

मग घड्याळ बघा. हे सगळ्यात अवघड आहे, त्या वेळी एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, म्हणून कुणाला तरी मोबाईलवर शूटिंग घ्यायला सांगा, त्यात वेळही कळते आणि फिट कशी होती तेही आम्हाला दिसतं. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर १०८. आमच्या वाटेवरसुद्धा पाच मिनिटं हाच काटा आहे, तिथे मिडाझोलाम हे फिट थांबवणारं औषध द्यायचं, नाकात, दंडात किंवा शिरेतून, थांबली नाही तर आणखी एकदा, आणि तरीही चालूच राहिली तर पुढचं औषध शिरेतून. त्या पुढच्या औषधात लेव्हेटिरासिटाम चांगलं की जुनं फेनिटॉइन यावर २०१९ मध्ये दोन मोठे अभ्यास आले, एक ब्रिटनमधला, एक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला, आणि दोन्हीत निकाल जवळजवळ सारखाच निघाला, तेव्हा कुठलं दिलं यावरून डॉक्टरांशी भांडू नका. पंधरा मिनिटांवर गेलेली, एकाच बाजूला आलेली, दिवसात दोनदा आलेली किंवा नंतर मूल शुद्धीवरच न येणारी फिट मात्र साधी नाही, तिथे तपासण्या कराव्याच लागतात.

परत येईल का? तीनातल्या एका मुलाला येते, त्यातही पहिली फिट लहान वयात आली असेल तर शक्यता जास्त. तुमच्या डॉक्टरांना मिडाझोलामच्या नाकातल्या स्प्रेबद्दल विचारा, वजनाप्रमाणे किती फवारे ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी स्प्रेलाच रबराने बांधून ठेवा.

फोंड्याहून एक वडील: केसपेपर काढून आम्ही पाऊण तास बसलो, मुलीचा हात फ्रॅक्चर, ती रडून रडून लाल. आमच्यानंतर आलेल्या एका बाईचं बाळ थेट आत घेतलं. बाळ शांत झोपलेलं होतं, रडतसुद्धा नव्हतं. ओळखीपाळखीचा मामला असतो का?

भाऊ, ते बाळ रडत नव्हतं म्हणूनच आत घेतलं.

कॅज्युल्टीत नंबर येण्याच्या क्रमाने नसतो, धोक्याच्या क्रमाने असतो, त्याला ट्रायेज म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची लहान मुलांसाठीची एक पद्धत आहे, ईटॅट, तिच्यात मुलांचे तीन गट करतात. पहिला, आत्ता या मिनिटाला हात लावायचा: श्वास अडकतोय, अंग निळं पडलंय, शुद्ध नाही, फिट चालू आहे, हातपाय गार पडून नाडी बारीक आणि जोरात चाललीय, जुलाबाने डोळे खोल जाऊन मूल मलूल झालंय. दुसरा, लवकर बघायचा, त्यात दोन महिन्यांच्या आतलं कुठलंही आजारी बाळ आपोआप येतं, भाजलेलं येतं, विषारी काही पोटात गेलेलं येतं, आणि खूप दुखत असलेलं तुमच्या मुलीसारखं मूलही येतं. तिसरा, जे थांबू शकतं ते.

अनुभवी नर्स दारातच हे ओळखते. मूल आपल्याकडे बघतंय का, आईला चिकटतंय का, रडण्यात जोर आहे का, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत का, रंग कसा आहे, एवढं बघायला अर्धं मिनिट पुरतं, मूल आईच्या कडेवर असतानाच. मग बोटाचं नख दाबून सोडायचं, गुलाबी रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर बाकी सगळं सोडून त्या मुलाकडे जायचं. रडणारं मूल आम्हाला धीर देतं, त्याची श्वासवाट मोकळी आहे, मेंदू जागा आहे. गप्प पडलेल्या मुलाची आम्हाला धास्ती.

पण तुमची एक तक्रार शंभर टक्के खरी. फ्रॅक्चरच्या मुलीला पाऊण तास दुखत ठेवणं कुठल्याच पाथवेत बसत नाही. दुखण्याचं औषध द्यायचं आणि हाताला आधाराची पट्टी बांधायची, हे एक्स-रेच्या आधी, रांगेतच व्हायला पाहिजे. पुढच्या वेळी कुणावर असं आलं तर बेधडक मागा, आमचा नंबर नंतर घ्या पण दुखणं थांबवायचं औषध आत्ता द्या म्हणून.

पेडण्याहून एक आजी: नात अडीच वर्षांची, बारा किलो. रात्रीपासून जुलाब आणि उलट्या. डॉक्टरने सलाईन लावलं नाही, पाकीट हातात दिलं आणि मलाच चमच्याने पाजायला बसवलं. सलाईन लावलं असतं तर पोर तासाभरात उभी राहिली असती ना? आणि तिला दुकानातलं तयार ओआरएस आवडतं, ते चालतं का? आडसराचं (शहाळ्याचं) पाणी? पेज?

आजी, त्या डॉक्टरला माझा नमस्कार सांगा. सलाईनची बाटली लटकवली की घरचे खूश होतात आणि डॉक्टरचंही काम सोपं होतं, तुम्हाला खुर्चीवर बसवून चमचा हातात देणं त्याहून अवघड.

जुलाबाची वाट तीन फाट्यांची आहे, ए, बी, सी. पाणी कमी झाल्याची काहीच खूण नसेल तर ए, घरीच ओआरएस, दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पन्नास ते शंभर मिली, त्याच्या वरच्याला शंभर ते दोनशे. मूल चिडचिडं झालंय, डोळे थोडे खोल, पाणी दिसलं की झडप घालतंय, तर बी: चार तासांत किलोमागे ७५ मिली, म्हणजे तुमच्या नातीला ९०० मिली, आणि ते दवाखान्यात समोर बसवून, तुमच्यासारख्या आजीच्या हातून. आणि मूल सुस्त पडलंय, पीतच नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर दोन सेकंदांतही जागेवर जात नाही, तेव्हा सी, तिथे मात्र एक मिनिट न घालवता शिरेतून सलाईन. तुमची नात बी मध्ये होती.

उलटीचं काय, तर एकदम पेलाभर दिलं की बाहेर येणारच. एक चमचा, एक-दोन मिनिटं थांबा, परत एक चमचा. ओकली तर दहा मिनिटं गप्प बसा आणि मग आणखी सावकाश. थांबतच नसेल तर डॉक्टर ऑन्डॅन्सेट्रॉनचा एक डोस देतात.

हे चमच्याचं काम हलकं समजू नका. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाईकांच्याच हाती दिलं, पेशंटला पाजा म्हणून. शंभरात तीसच्या आसपास माणसं मरत होती ती तीन-चारवर आली. त्यांना २०२३ मध्ये पद्मविभूषण मिळालं, पण ते बघायला ते राहिले नव्हते, आदल्याच वर्षी गेले. त्या पाण्याची खुबी अशी की आतड्यात साखर मिठाला हाताला धरून आत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जातं, पण दोघांचं प्रमाण बरोबर पाहिजे. साखर जास्त झाली की उलट पाणीच आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात.

म्हणूनच ते दुकानातलं गोड पेय नको. ओआरएस नाव लावून सरबतं विकली जायची, हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध कित्येक वर्षं लढल्या, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, हुकूम काढला की योग्य सूत्राचं नसलेल्या पेयाच्या नावात ओआरएस शब्द वापरायचा नाही. तुम्ही फार्मसीतलं पावडरचं पाकीट घ्या, त्यावर किती पाण्यात ते लिहिलेलं असतं, लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर, अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकायचं नाही. आडसराच्या पाण्यात मीठ फार कमी, जोडीला दिलंत तर हरकत नाही पण ओआरएसच्या जागी नाही. पेज मात्र भरपूर द्या, मीठ घालून, पातळ, जेवणही बंद करू नका. झिंकचं औषध चौदा दिवस पूर्ण, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. जुलाब बंद करायची मोठ्यांची गोळी चुकूनही नाही.

केप्याहून एक काका: नातू तीन वर्षांचा, दाराबाहेरच्या सोप्यावरून खाली पडला, कपाळाला टेंगूळ, एकदा ओकला. सीटी करायला पैसे तयार होते पण डॉक्टर म्हणाले फक्त बसून राहा. झोपू द्यावं की नाही?

झोपू द्या काका, दमलेल्या मुलाला जागवत ठेवण्यात काही अर्थ नाही, मधे एकदा उठवून ओळखतोय ना, नीट बोलतोय ना एवढं बघा.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या ४२,००० हून जास्त मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, डोक्याला मार लागलेल्या कुठल्या मुलाला सीटी लागतो आणि कुठल्याला नाही ते ठरवायला, आणि जगभरच्या कित्येक वाटा आता त्यावर चालतात. दोन वर्षांवरच्या मुलात बघायचं ते असं: वागणं बदललंय का, शुद्ध हरपली होती का, उलटी, फार डोकं दुखतंय का, पाच फुटांवरून पडलाय किंवा गाडीचा अपघात आहे का, आणि कवटीच्या तळाला तडा गेल्याच्या खुणा, जसं कानातून रक्त-पाणी येणं, कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं होणं. यातलं काहीच नसेल तर सीटी नाही. वागणं बिघडलंय किंवा तडा दिसतोय तर सीटी लगेच. मधलं, म्हणजे तुमच्या नातवासारखी एकच उलटी, तर मार लागल्यापासून चार ते सहा तास नजरेखाली. सोपा दोन फुटांचा, उलटी एकदाच, मूल खेळतंय, डॉक्टर बरोबर होते. दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र तीन फूटसुद्धा जास्त धरतात, आणि टेंगूळ कपाळावर नसून बाजूला किंवा मागे असेल, दाबल्यावर मऊ लागत असेल तर घरी बसू नका. परत परत उलट्या, वाढतं डोकेदुखणं, तोल जाणं, उठवता न येणारी झोप, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, निघायचं.

डिचोलीहून एक अंगणवाडी सेविका: जत्रेत घेतलेल्या लाइटच्या खेळण्यातली चपटी बॅटरी एका मुलाने गिळली असेल असं वाटतं, मूल ठीक दिसतंय, शौचाला पडेल म्हणून आईने वाट बघितली तर? ते मूल नशिबाने वाचलं, बॅटरी नंतर गादीखाली सापडली, पण पुढे काय करायचं ते सांगा.

बाई, यात वाट बघणं नाहीच. नाणं गिळलं तर वेळ मिळतो, बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, आणि मूल तोवर ठीकच दिसतं. शंका आली तरी एक्स-रे लगेच, मान ते पोट सगळं. नाण्याला एकच कडा दिसते, बॅटरीला दुहेरी कडा. अन्ननलिकेत असेल तर दुर्बिणीने तातडीने काढावी लागते, म्हणून ती सोय जिथे आहे तिथे, आपल्याकडे बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, आधी फोन करून निघा. मूल एक वर्षावरचं असेल, गिळता येत असेल आणि बारा तास उलटून गेले नसतील तर वाटेत गाडीतच दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, सहा वेळांपर्यंत, त्याने भाजणं थोडं लांबतं. मधासाठी थांबायचं नाही, घरात नसेल तर तसंच निघायचं. बाकी काही खायला-प्यायला नाही, उलटी काढायची नाही.

सत्तरीतून एक नर्स: आमचं छोटं आरोग्य केंद्र, रात्री एक डॉक्टर, एक मी, एक अटेंडंट. पाथवे वगैरे मोठ्या हॉस्पिटलांसाठी ठीक. आमच्याकडे फिट येणारं मूल आलं की सगळे एकदम ओरडायला लागतात. आम्ही काय करायचं?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, पाथवे सगळ्यात जास्त तुम्हालाच पाहिजे. मोठ्या ठिकाणी एकाचं चुकलं तर दुसरा धरतो, तुमच्याकडे दुसरा आहे कुठे.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट, ठिकाणाचं नाव नको. साधारण दहा किलोचं मूल, फिट चालू, आणि सिस्टर डाव्या तळहातावर बॉलपेनने गुणाकार करतायत, किलो गुणिले मिलिग्रॅम भागिले मिली, हात घामाने ओला, शाई पसरतेय, आकडा वाचता येईना. मिडाझोलामचं इंजेक्शन बाजारात दोन ताकदींचं मिळतं, एका मिलीत एक मिलिग्रॅम आणि एका मिलीत पाच. दहा किलोच्या मुलाला दोन मिलिग्रॅम द्यायचं तर एकातून दोन मिली लागतं, दुसऱ्यातून फक्त ०.४. त्या दिवशी ट्रेमध्ये दोन्ही होती. शेवटच्या क्षणी सिस्टरनीच लेबल परत वाचलं म्हणून पाचपट डोस गेला नाही, गेला असता तर मुलाचा श्वासच थांबला असता. आणि ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता पण त्याची चावी कुणाला सापडेना, ती नंतर ड्रेसिंगच्या कपाटात निघाली. त्या सिस्टरचा दोष काडीचाही नव्हता. तिला असा गुणाकार त्या वेळी करायला लावला हाच दोष.

म्हणून पहिलं काम, गुणाकार दिवसा करून ठेवा. पाच किलो, आठ, दहा, बारा, पंधरा, वीस, पंचवीस, प्रत्येक वजनासमोर थेट मिली लिहा, तुमच्या स्टोअरमध्ये येणाऱ्या अँप्यूलप्रमाणे, आणि ताकद एकच ठेवा, दुसरी परत पाठवा. तसंच ॲड्रेनालिन: सुंगटं (कोळंबी), अंडं किंवा इंजेक्शननंतर अंगावर गांध्या उठून श्वास लागला, ओठ सुजले, की आधी ॲलर्जीचं इंजेक्शन शोधत बसायचं नाही, ॲड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. एका मिलीत एक मिलिग्रॅमवाली अँप्यूल, किलोमागे ०.०१ मिली, दहा किलोला ०.१ मिली, म्हणून एक मिलीची बारीक सिरिंज अँप्यूललाच चिकटवून ठेवा. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर परत. मूल झोपवून, पाय वर.

दुसरं, माणसं ठरवा. ड्युटी सुरू होतानाच बोलून घ्यायचं: मी डोक्याशी, श्वास आणि ऑक्सिजन. डॉक्टर औषध. अटेंडंट घड्याळ आणि फोन. घड्याळवाल्याने मोठ्याने मिनिटं म्हणायची, एक झालं, दोन झाली. हे मी सांगते तेव्हा लोकांना बारीकसं वाटतं, पण ओरडाआरडा याच एका गोष्टीने थांबतो, कारण खोलीत एकच आवाज मोजतो आणि बाकीचे ऐकतात. आईला बाहेर काढू नका, तिला मुलाचा पाय धरायला द्या आणि काय चाललंय ते सांगत राहा.

तिसरं, पाठवायचं कधी हेही कागदावरच असू दे. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलचे पाथवे आणि मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्सच्या गाइडलाइन्स सगळ्यांसाठी खुल्या आहेत, आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२२ मध्ये स्टँडर्ड ट्रीटमेंट गाइडलाइन्स काढल्यात, जरूर वाचा, पण जसेच्या तसे भिंतीवर लावू नका. तिथे 'आयसीयूला कळवा' लिहिलंय ते एका मजल्यावरचं असतं. तुमच्याकडून बांबोळी म्हणजे पावसात तास, कधी जास्त. म्हणून तुमच्या कागदावर १०८ चा फोन दुसऱ्या डोसच्या आधी यायला हवा, मिडाझोलामचा पहिला डोस देऊन फिट थांबली नाही की अटेंडंटने लगेच नंबर फिरवायचा, डॉक्टरने सांगायची वाट न बघता. फिट थांबली आणि गाडी नको झाली तर तसं कळवा, त्यात कुणी रागावणार नाही. पोचायच्या आधी तिकडे वजन, दिलेली औषधं आणि वेळ फोनवर सांगा, म्हणजे तिथे पहिल्यापासून सुरुवात होत नाही.

आणि सराव. महिन्यातून एकदा, दुपारी ओपीडी संपली की, बाहुली टेबलावर ठेवून दहा मिनिटं. पहिल्यांदा सगळ्यांना लाजल्यासारखं होतं. चौथ्यांदा कुणीतरी आपणहून सिलिंडरची चावी साखळीने सिलिंडरलाच बांधून टाकतं.

तुमच्या केंद्रात मिडाझोलाम कुठल्या ताकदीचं येतं तेवढं मला कळवा. त्याप्रमाणे पाच ते पंचवीस किलोचा तक्ता मी पुढच्या अंकात देते, तो तुमच्या डॉक्टरांकडून आकडा न् आकडा तपासून, त्यांची सही घेऊन मगच लावा, ट्रॉलीच्या वर, डोळ्यांच्या उंचीला, मोठ्या अक्षरात.